पांढरे स्नीकर्स आणि मे महिन्यातला पाऊस, बूट वाचवायचे कसे?

लोकलकर | २७ मे २०२५, रात्री १०:४०

मंडळी जरा मदत करा. गेल्या महिन्यात इन्क्रिमेंट झालं म्हणून हौसेने पांढरे स्नीकर्स घेतले, बराचसा भाग लेदर आणि पुढे नाकावर आणि टाचेला राखाडी स्वेड. किंमत सांगत नाही कारण बायकोही हा धागा वाचणार. हिशोब असा होता की मुंबईत पाऊस ११ जूनच्या आसपास येतो, म्हणजे पंधरा दिवस मिरवून घेऊ आणि मग चार महिने खोक्यात घालून माळ्यावर. पण काल २६ मेलाच वेधशाळेने मान्सून आला म्हणून जाहीर केलं, याआधी सगळ्यात लवकर आला होता तो २९ मेला म्हणे. सकाळी डोंबिवलीहून निघालो तेव्हा नुसतं मळभ होतं आणि परळला उतरलो तर रस्ता कुठला आणि गटार कुठलं कळेना. घोट्याच्या वर पाणी.

आता परिस्थिती अशी आहे की लेदर बरं दिसतंय पण स्वेडवर काळपट डाग पडलेत, नकाशासारखे, आणि पांढऱ्यावर शिलाईच्या कडेने पिवळट रेघ आलीये. आतून अजून ओले आहेत. काय करू? आणि तो वॉटरप्रूफ स्प्रे मिळतो त्याचा खरंच उपयोग होतो का? आणि मुख्य म्हणजे चार महिने काय करायचं, कारण ऑफिसात चपला चालत नाहीत.

पेठेतला | २७ मे, रात्री १०:५२

मुंबईत पांढरे बूट, तेही मेच्या शेवटी. आमच्याकडे याला हौस म्हणत नाहीत, दुसरा शब्द आहे.

वाचनमात्र | २७ मे, रात्री १०:५५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सांगलीचा_बूटवाला | २७ मे, रात्री ११:३०

लोकलकर, पेठेकडे लक्ष देऊ नका, आधी हे करा आणि आत्ता रात्रीच करा, सकाळवर टाकू नका.

लेस पूर्ण काढा, आतली गादी (इनसोल) बाहेर काढा, जीभ ओढून बूट उघडा करा. आत कागद कोंबायचा पण पांढऱ्या बुटात थेट वर्तमानपत्र नको, शाई सुटते, आधी पांढरा टिश्यू आणि त्याच्या आत पेपर. पहिल्या रात्री दोन-तीनदा कागद बदला, ओला झालेला कागद आत ठेवून काही फायदा नाही. मग पंख्याखाली आडवे, म्हणजे कुशीवर ठेवा म्हणजे तळाला हवा लागते. ऊन नको, हेअर ड्रायर नको, इस्त्री तर नकोच नको (हसू नका, गिऱ्हाईक आणायचे असले बूट). आजकालच्या बहुतेक स्नीकरचा सोल शिवलेला नसतो, चिकटवलेला असतो आणि तो डिंक उष्णतेने मऊ पडतो. लेदर तर भरभर वाळवलं की पापडासारखं कडक होतं, मग घडी पडते तिथे तडा.

पिवळी रेघ आली ती बहुतेक आतला डिंक नाहीतर कारखान्यातली कसलीतरी रसायनं पाण्याबरोबर बाहेर आली. पाणी उडून जातं, ते मागे कडेला साठतं. साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने ती जागा दोन-तीनदा पुसा, साबण न लावता, आणि वरून पांढरा टॉयलेट पेपर ओला करून चापून चिकटवा. वाळताना तो पिवळेपणा कागदात चढतो. सकाळी कागद पिवळा दिसला की समजा काम झालं. नाही गेलं तर परत एकदा करा.

स्वेडला आज हात लावू नका. पूर्ण वाळू दे.

लोकलकर | २७ मे, रात्री ११:४१

दादा तुम्ही देव आहात. टॉयलेट पेपर शोधतोय.

खिडकीपाशी | २८ मे, सकाळी ७:१५

आमच्या लहानपणी शनिवारी पी.टी. असायची आणि पांढरे कॅनव्हासचे बूट लागायचे. शुक्रवारी संध्याकाळी धुवायचे आणि पावसात ते काही केल्या वाळायचे नाहीत, मग आई फ्रिजच्या मागे जी काळी जाळी असायची ना तिच्यापाशी उभे करून ठेवायची, सकाळी कोमट बूट मिळायचे. आताच्या फ्रिजला ती जाळीच नाही. आणि पांढरं पॉलिश संपलेलं असलं की ओल्या बुटावरच खडू घासायचा, वाळला की पांढराशुभ्र. मैदानात पहिली उडी मारली की ढग उठायचा.

आमच्याकडे आता सेट टॉप बॉक्सवर बूट वाळवतात. नातू वाळवतो, मी नाही.

सह्यभटक्या | २८ मे, सकाळी ९:०२

खडूवाल्या प्रतिसादाला +१. आम्ही वर्गातले चोरायचो.

लोकलकर | २८ मे, संध्याकाळी ८:२०

अपडेट: पिवळेपणा सत्तर टक्के गेला! कागद खरंच पिवळा झाला, बायकोला दाखवला तर म्हणाली हा फोटो कुणाला पाठवू नकोस. स्वेडचे नकाशे मात्र तसेच.

सांगलीचा_बूटवाला | २८ मे, रात्री ९:१०

आता स्वेड. स्वेड म्हणजे चामड्याची आतली बाजू घासून लव काढलेली. ती लव पाणी पिते आणि वाळताना चिकटून बसते, म्हणून जिथवर पाणी गेलं तिथे कड दिसते. उपाय ऐकून दचकाल, तो अख्खा तुकडा परत ओला करायचा. म्हणजे बादलीत नाही हं! स्वच्छ स्पंज ओला करून पिळायचा आणि शिलाईपासून शिलाईपर्यंत सगळीकडे सारखा दमट करायचा, म्हणजे ओलं आणि कोरडं अशी सीमाच राहत नाही. मग सावलीत वाळवायचा आणि पूर्ण वाळल्यावर ब्रश मारायचा, स्वेडचा ब्रश नसेल तर जुना कोरडा टूथब्रश. उरलेल्या डागावर पांढरा खोडरबर हलक्या हाताने.

पेठेतला | २८ मे, रात्री ९:१८

ओलं झालं म्हणून परत ओलं करा. सांगलीकरांना दंडवत.

सांगलीचा_बूटवाला | २८ मे, रात्री ९:४५

दंडवत नको, अनुभव महागात पडलाय. २०१९ च्या महापुरात आमच्या दुकानात पाणी शिरलं होतं, आठवडाभर माल पाण्याखाली. पाणी उतरल्यावर एकेक खोकं उघडलं तेव्हा जे शिकलो ते चाळीस वर्षं गल्ल्यावर बसून वडलांनाही माहीत नव्हतं. रबराच्या चपला, फोमच्या चपला: पाईप मारला, जशाच्या तशा. कॅनव्हासचे जुन्या पद्धतीचे बूट, ज्यांचा रबरी सोल भट्टीत तापवून कापडाशी एकजीव केलेला असतो: कापडाचा रंग गेला, पण सोल एकाचाही सुटला नाही. चिकटवलेले स्पोर्ट शूज: बऱ्याच जोडांनी तोंड उघडलं, मगरीसारखं. सगळ्यात वाईट हालत स्वस्तातल्या फॉर्मल बुटांची, कारण त्यांच्या आत पायाखाली जो पुठ्ठा असतो तो खरंच पुठ्ठाच असतो, तो फुगला आणि बूट होडीसारखे वाकडे झाले. आणि लेदरला चार दिवसांत अशी बुरशी की मूळ रंग काय होता ते खोक्यावरचं वाचून कळायचं.

म्हणून कुणी विचारलं हा बूट पावसात टिकेल का, तर मी ब्रँड बघत नाही. सोल कसा जोडलाय आणि आत पायाखाली काय घातलंय ते बघतो.

वाचनमात्र | २८ मे, रात्री १०:०३

पॉपकॉर्न बाजूला ठेवला. वाईट वाटलं दादा.

डच_वारा | २९ मे, पहाटे २:३०

नेदरलँड्समधून लिहितोय, इथे पावसाला ऋतू नाही, तो वर्षभर असतो आणि आडवा येतो. स्प्रेबद्दल विचारलंय म्हणून सांगतो, कारण मी वर्षाला दोन बाटल्या संपवतो.

स्प्रे बूट वॉटरप्रूफ करत नाही. तो धाग्यावर किंवा लवेवर इतका पातळ थर देतो की थेंब पसरत नाही, अळवाच्या पानावरच्यासारखा गोल होतो आणि घरंगळतो. म्हणजे रिमझिम, शेजारून गेलेल्या गाडीने उडवलेलं पाणी, सांडलेला चहा यासाठी उत्तम. पण तुम्ही पाण्यात उभे राहिलात की पाण्याचा दाब येतो आणि शिलाईच्या भोकांतून आत येतंच. परळच्या त्या दिवशी दहा बाटल्या मारल्या असत्या तरी काही उपयोग नव्हता.

मारायचा कसा ते महत्त्वाचं. बूट आधी स्वच्छ आणि पूर्ण कोरडा हवा, मळावर मारला तर मळ सील होतो. एक वीतभर लांबून पातळ हात, वाळू द्यायचा, मग दुसरा पातळ हात, आणि एक दिवस बाहेर घालायचा नाही. एकदाच भसाभसा मारला की पांढुरके ओघळ येतात. आधी जिभेच्या आतल्या बाजूला थोडा मारून बघा, स्वेड कधीकधी किंचित गडद होतं. आणि गॅलरीत मारा, बंद खोलीत नको, ते फवारे श्वासात गेले तर फुप्फुसाला त्रास होतो, लहान मुलं आणि पिंजऱ्यातले पक्षी असतील तर लांब.

अजून एक, बाटलीवर फ्लोरिनवाला आहे की नाही ते बघा. फ्लोरिनवाले पाणी आणि तेल दोन्ही अडवतात पण ती रसायनं निसर्गात पिढ्यान् पिढ्या मोडत नाहीत. फ्रान्सने असले कपडे आणि बूट विकायला येत्या १ जानेवारी २०२६ पासून बंदीचा कायदा केलाय. सिलिकॉन किंवा मेणाचे आहेत ते पाणी अडवतात, तेलाचा डाग अडवत नाहीत. वडापाव खाताना जपा म्हणजे झालं.

लोकलकर | २९ मे, सकाळी ८:४०

लोकलच्या गर्दीत वडापाव खाताना बूट नाही, शर्ट जपतो आम्ही.

बरं, स्प्रे किती दिवस टिकतो?

डच_वारा | २९ मे, दुपारी १:१५

दिवस मोजू नका, नळाखाली चार थेंब टाकून बघा. गोल झाले तर आहे, शोषले तर गेला. जिथे बूट वाकतो त्या घडीवर सगळ्यात आधी जातो.

पेठेतला | ३० मे, रात्री ११:०५

आता जरा सिरियस. मी रोज बाईकने सिंहगड रोड ते हिंजवडी करतो, म्हणजे पावसात दीड तास सहज, आणि पहिली दोन वर्षं मी सोलला, शिलाईला, बुटाच्या कंपनीला शिव्या दिल्या. मग एकदा सिग्नलला खाली बघितलं तेव्हा ट्यूब पेटली. रेनपँटची खालची बाजू मी नीटनेटकेपणा म्हणून बुटात खोचायचो. अख्ख्या पँटवरून ओघळणारं पाणी कुठे जाणार, थेट बुटात. नरसाळं! तेव्हापासून पँट बुटाच्या वरून बाहेर सोडतो आणि तिला खाली चेनशेजारी चिकटपट्टी आहे ती आवळून लावतो. अर्धा प्रश्न तिथेच सुटला. उरलेलं पाणी पुढच्या चाकाचं, त्यासाठी मडगार्डला खाली रबराची पट्टी लावून घेतली गॅरेजमधून, फुटकळ खर्च.

आणि डाव्या बुटावर गिअरचा काळा डाग पडतो त्यासाठी रबराचं कव्हर मिळतं गिअरच्या दांडीला किंवा बुटाला. पांढरे बूट आणि बाईक असेल तर ते आधी घ्या, पाऊस नंतर.

सह्यभटक्या | ३० मे, रात्री ११:३०

नरसाळं 😂 मी पण खोचतो!! उद्यापासून बंद.

जांभा | १ जून, दुपारी ३:२०

तुम्ही मुंबई-पुण्यावाले पाण्याला काय घाबरताय, आमच्याकडे रत्नागिरीत पाणी स्वच्छ असतं, प्रश्न मातीचा. लाल माती म्हणजे लोखंडाचा गंजच धरा. भाचा पुण्याहून आला होता गणपतीत, पांढरे कॅनव्हासचे बूट घालून पाणंदीतून चालत आला, घरी पोचेपर्यंत बूट काजूच्या बोंडासारखे. ताईने मायेने ब्लीचमध्ये भिजवले. झालं! लाल होते ते नारिंगी-पिवळे झाले आणि तो रंग कायमचा बसला. लोखंडाच्या डागाला ब्लीच कधी लावू नये, डाग पक्का होतो.

बरोबर पद्धत म्हणजे आधी काहीच करायचं नाही. ओला चिखल पुसायला गेलात की तो विणीत घुसतो. वाळू द्यायचा, बूट एकमेकांवर आपटायचे, ब्रश मारायचा, ऐंशी टक्के माती नुसती झडून जाते. उरलेला डाग लिंबू आणि मिठाने चोळायचा, थोडा वेळ ठेवून थंड पाण्याने धुवायचा. हे कापडाला आणि रबराला, लेदरला लिंबू चोळू नका नाहीतर सांगलीचे दादा मला धरतील.

आणि खरं सांगायचं तर आम्ही पावसात बूटच घालत नाही. प्लॅस्टिकच्या चपला, शेतात गमबूट. शिक्षक मंडळी शाळेत जाऊन पायावर तांब्याभर पाणी घेतात आणि मग कपाटातले बूट काढतात.

सांगलीचा_बूटवाला | १ जून, दुपारी ४:००

धरणार नाही, बरोबर सांगितलंत. आमचे आजोबाही मृग लागायच्या आत कोल्हापुरी चपलेला एरंडेल चोळून फडक्यात बांधून फळीवर ठेवायचे, आणि पावसाळाभर टायरच्या सोलची चप्पल. कोल्हापुरी पावसात घातली की ती पाणी पिऊन सुजते आणि वाळली की पायाला ओळख देत नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता.

दादर_ब्रिज | ३ जून, रात्री ९:५०

सिलिकॉनचे शू कव्हर कुणी वापरलेत का? बुटावर मोज्यासारखे चढतात ते. रील बघून मागवले.

लोकलकर | ३ जून, रात्री १०:१०

मी पण कार्टमध्ये टाकलेत, थांबलोय तुमच्यासाठी.

दादर_ब्रिज | ११ जून, रात्री ८:३०

घेऊ नका. म्हणजे पाणी खरंच आत जात नाही, तक्रार नाही त्याबद्दल. पण खालची नक्षी अगदी उथळ आहे, स्टेशनच्या जिन्यावर ज्या गुळगुळीत फरशा आहेत तिथे माझा पाय गेला आणि मी तीन पायऱ्या बसून उतरलो. छत्री एकीकडे, डबा दुसरीकडे. एका मावशींनी डबा उचलून दिला आणि म्हणाल्या भाजी सांडली नाही हो, नशीब. वर आत पायाला एवढा घाम येतो की बूट बाहेरून कोरडा आणि मोजा आतून ओला. चढवायला-उतरवायला पाच मिनिटं, तीही गर्दीत एका पायावर.

ऑफिसच्या खाली टॅक्सीतून उतरून दारापर्यंत जायचं असेल तर ठीक. चालणाऱ्या माणसाचं काम नाही.

पेठेतला | ११ जून, रात्री ८:३६

मावशी ग्रेट.

सह्यभटक्या | १५ जून, सकाळी १०:२०

माझे दोन पैसे. बरेच जण म्हणतात मग सरळ गोअर-टेक्सवाले स्नीकर घ्या. आहेत माझ्याकडे. त्यात एक पातळ पडदा असतो, त्याची भोकं एवढी सूक्ष्म की पाण्याचा थेंब आत येत नाही पण घामाची वाफ बाहेर जाते. ओल्या गवतात, भुरभुर पावसात स्वर्ग. पण राजमाचीला ओढ्यात पाय गुडघ्यापर्यंत गेला आणि पाणी घोट्यावरून आत शिरलं, आता ते पाणीही बाहेर पडेना! जे बाहेरचं आत येऊ देत नाही ते आतलंही बाहेर सोडत नाही. बादल्या घालून चार तास चाललो, प्रत्येक पावलाला फचॅक फचॅक. आणि घरी वाळायला तीन दिवस. बरोबरचा मित्र साध्या जाळीच्या बुटात होता, त्याचं पाणी वीस पावलांत निघून गेलं.

म्हणजे पाणी वरून पडणार असेल तर पडदा, पाण्यात उतरायचं असेल तर जाळी. मुंबईत दोन्ही असतं, तुमचं तुम्ही बघा.

स्टेथो | १५ जून, रात्री ११:४५

डॉक्टर आहे म्हणून बुटांपेक्षा पायांबद्दल. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि पायाला साधी चीर असली तरी त्यातून लेप्टो होऊ शकतो. म्हणून बूट वाचवायला अनवाणी पाण्यात उतरू नका! हे लिहायचं कारण असं की परवा एक पेशंट आला, महागडे बूट हातात घेऊन आणि पायात काही नाही असा सायनला चालला होता, तळव्याला काच. अशा पाण्यातून चालल्यावर साबणाने पाय धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरना दाखवा, गरज असेल तर ते प्रतिबंधाची गोळी देतील. मनाने घेऊ नका.

दुसरं, ओले मोजे दिवसभर घालून बसू नका. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, एकदा झाल्या की बूट वाळले तरी त्या जात नाहीत. ऑफिसात जादा मोजे ठेवा, सगळ्यात स्वस्त औषध.

खिडकीपाशी | १६ जून, सकाळी ७:३०

डॉक्टर बरोबर बोलले. २६ जुलैला (२००५) आमचे हे फोर्टहून घाटकोपरला चालत आले, रात्रभर. निघाले तेव्हा पायात लेदरचे बूट होते, आले तेव्हा एकाचा सोल गेलेला आणि दुसरा बूट सायनलाच राहिला होता. पण त्यांनी उरलेला एक बूट टाकला नाही, का ते विचारायचं राहूनच गेलं.

वाचनमात्र | १६ जून, सकाळी ९:००

❤️

खोक्यातला | २ जुलै, रात्री १०:२५

धागा वाचून हसू आणि रडू दोन्ही येतंय. तुम्ही सगळे बूट पावसात घालून खराब करताय, मी न घालता केले. दुबईहून भावाने आणलेले, जपून ठेवले, खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, वर डांबरगोळ्या. सहा वर्षांत मोजून चार वेळा घातले. परवा ठाण्यात चुलतभावाच्या लग्नाला काढले, दिसायला नवेकोरे. अक्षता टाकेपर्यंत ठीक होते. फोटोला स्टेजवर चढलो आणि खाली काहीतरी कुस्करल्यासारखं वाटलं, मागे बघतो तर लाल गालिच्यावर माझ्या पावलांमागे पांढऱ्या केकचे तुकडे. सोलच होता तो. फोटोग्राफर म्हणाला सर तुमचं काहीतरी सांडतंय.

एक थेंब पाऊस लागला नव्हता हो त्यांना. हे कसं काय?

सांगलीचा_बूटवाला | २ जुलै, रात्री ११:१५

तुमच्या बुटाचा मधला सोल पॉलियुरेथेनचा, पीयूचा असणार. हवेतल्या दमटपणाने तो आतून हळूहळू तुटत जातो, त्याला पाऊस लागायची गरज नाही, ठाण्याची हवा पुरते. आणि गंमत अशी की रोज घातलेला बूट जास्त टिकतो, चालताना सोल दबतो-सुटतो, दमटपणा आत कोंडून राहत नाही. तुम्ही पिशवीत घट्ट बांधला म्हणजे दमट हवेसकट बांधला. बऱ्याच रनिंग बुटांना असतो तो ईव्हीए फोम, त्याचं असं होत नाही, तो फक्त दबून चपटा होतो. दुकानात पीयूचा जुना माल आम्ही अंगठ्याने दाबून बघायचो, खड्डा राहिला किंवा भेग पडली की विकायचा नाही.

लोकलकर, तुम्ही चार महिने माळ्यावर ठेवणार म्हणालात ना, म्हणून खास सांगतो. ठेवा पण पिशवीत नको. खोक्याला भोकं पाडा, आत कोरडा कागद, सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर त्या पावसाळ्यात पंधरा दिवसांत भरून जातात, मग त्या नुसत्या शोभेला. आणि दर रविवारी काढून घरातल्या घरात घालून फिरा.

लोकलकर | २ जुलै, रात्री ११:३०

घरातल्या घरात बूट घालून फिरा हे तुम्ही माझ्या आईला सांगा.

पेठेतला | २ जुलै, रात्री ११:३३

खोक्यातला, लग्नाचा अल्बम आला की त्या फोटोची लिंक द्या.

जांभा | २१ जुलै, संध्याकाळी ६:१०

एक शंका. पुढे सोल थोडा सुटलाय, नाक उघडलंय. मोचीकाका म्हणतात नुसतं सोल्युशन लावून चालणार नाही, शिवून घ्या. शिवला तर भोकांतून पाणी येणार नाही का?

सांगलीचा_बूटवाला | २१ जुलै, रात्री ८:५०

येणार, थोडं येणार. पण सुटलेल्या नाकातून जेवढं येतं त्यापेक्षा कमी. काकांना सांगा आधी जुना डिंक खरवडून, पूर्ण कोरडा करून दोन्ही बाजूंना सोल्युशन लावा, ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा आणि मग दाबा. घाईचं गिऱ्हाईक असलं की ओलं असतानाच दाबतात, मग महिन्यात परत सुटतो. शिवायचा दोरा मेण लावलेला हवा, बहुतेक काका लावतातच. बूट मात्र ओला घेऊन जाऊ नका, ओल्यावर काही चिकटत नाही.

लोकलकर | २० ऑगस्ट, रात्री १०:०५

बऱ्याच दिवसांनी. काल-परवाचा पाऊस तुम्ही बातम्यांत बघितलाच असेल, मोनोरेल अडकली, लोकल बंद, मी कुर्ल्याला सहा तास. सांगायचं ते असं की बूट कोरडे आहेत!

कारण ते पायात नव्हते. जूनमध्ये स्प्रे आणला, गॅलरीत मारला, दोन हात, सगळं डच भाऊंनी सांगितलं तसं. रिमझिमीत खरंच थेंब घरंगळतात, ऑफिसात सगळ्यांना नळाखाली दाखवून झालं. पण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं की मी बुटाकडे बघत चालतो आणि डबकी चुकवताना लोकांच्या छत्र्यांत जातो. मग दादरच्या फुटपाथवरून रबरी सँडल घेतले, मागे पट्टा असलेले, कारण नुसती चप्पल पाण्यात वाहून जाते, आणि बूट बॅगेत पिशवीत. ऑफिसच्या वॉशरूममध्ये पाय धुवायचे, पुसायचे, कोरडे मोजे, मग बूट. पहिले दोन दिवस लाज वाटली, तिसऱ्या दिवशी बघितलं तर आमचे डिरेक्टर बाजूच्या बेसिनला तेच करत होते. आता आम्ही बोलतो एकमेकांशी.

संध्याकाळी बूट डेस्कखालीच राहतात. आठवड्यातून दोन दिवस विश्रांती, त्या दिवशी जुने काळे.

दादर_ब्रिज | २० ऑगस्ट, रात्री १०:२०

डिरेक्टरचे सँडल कसले आहेत?

लोकलकर | २० ऑगस्ट, रात्री १०:२२

माझेच. त्याच फुटपाथवरचे. माझे निळे, त्यांचे तपकिरी.

सांगलीचा_बूटवाला | २० ऑगस्ट, रात्री १०:४०

डेस्कखाली ठेवता ते बरं आहे पण एसी बंद झाला की ऑफिसही दमट होतं. शनिवार-रविवारी आत कागद घालून ठेवत जा.

खोक्यातला | ७ सप्टेंबर, रात्री ९:३०

अल्बम आला. लिंक देणार नाही.

पेठेतला | ७ सप्टेंबर, रात्री ९:३१

दे रे.

वाचनमात्र | २८ सप्टेंबर, दुपारी १२:१५

सगळा धागा पहिल्यापासून वाचलाय. माझे काळे लेदरचे आहेत, तीन महिने कपाटात होते, आज हत्तीचा पाऊस जरा थांबला म्हणून काढले तर त्यांच्यावर हिरवट-पांढरी बुरशी आलीये, आतल्या बाजूलाही. नवीन धागा काढू की इथेच विचारू?

सांगलीचा_बूटवाला | २८ सप्टेंबर, दुपारी १२:४०

इथेच विचारा. आणि आधी ते बूट कपाटातल्या बाकीच्या बुटांपासून लांब ठेवा, घरात झटकू नका, गॅलरीत न्या, मग फोटो टाका.